दिवाळी आणि दिवाळे

‘दिवाळी’ आणि ‘दिवाळे’ हे दोन शब्द एकमेकांचे शेजारी कसे झाले, असे दरवर्षी माझ्या वर्गातला कोणी ना कोणी विचारतोच. मग मी जुनी गोष्ट सांगतो. पूर्वी एखाद्या सावकाराची पेढी बुडाली की तो भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे. त्या दिव्यावरून लोकांनी काय ते समजावे, की येथे आता मागण्यासारखे काही उरलेले नाही. त्या दिव्यावरून दिवाळे निघाले, असे सांगतात. वर्ग हसतो, मीही हसतो आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळतो. २०२३ सालच्या दिवाळीपर्यंत या गोष्टीत हसण्यापलीकडे काही असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

त्या वर्षी वसुबारसेच्या सकाळी माझी मावशी अंबडहून पहिल्या एस.टी.ने जालन्याला आली. फराळाचा डबा नव्हता, हातात रेक्झिनची एक जुनी पिशवी तेवढी होती. मावशी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे मुलांना हातावर पट्टी न मारता शिकवलेली बाई. माझा ‘श्री’ तिनेच पाटीवर गिरवून घेतलेला. ती घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशीही ती घाबरली नव्हती, फक्त गप्प होती. चहा झाल्यावर तिने पिशवीतून पतसंस्थेच्या ठेवपावत्या काढल्या आणि म्हणाली,

“बाळ, शाखेचं शटर खाली आहे. बाहेर एक कागद चिकटवलाय. ‘रोखतेच्या तात्पुरत्या अडचणीमुळे व्यवहार बंद आहेत’ असं लिहिलंय. रोखता म्हणजे काय रे? तू मराठीचा प्राध्यापक आहेस ना?”

वाचकहो, वीस वर्षे मी मराठी शिकवतो. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ज्याला ‘रोखता’ म्हणतात त्यालाच वर्तमानपत्रवाले ‘तरलता’ म्हणतात, एवढे मला ठाऊक होते. ‘रोख’ हे नाम आणि ‘रोखणे’ हे क्रियापद, यांवर एखादा श्लेषही मला साधला असता. पण मावशी अर्थ विचारत होती, आणि अर्थ मला येत नव्हता. त्याहून वाईट गोष्ट अशी, की एका पावतीच्या मागे माझ्या हस्ताक्षरातली आकडेमोड होती.

* * *

ती आकडेमोड २०२२ सालची. मावशीचे निवृत्तीचे आठ लाख रुपये बँकेत मुदत ठेवीत होते आणि मुदत संपली होती. बँक साडेसहा टक्के देत होती. एक पतसंस्था, जिचे नाव येथे सांगून उपयोग नाही, बारा टक्के देत होती. शाखा चकचकीत, माणसे गोड बोलणारी, दारात रांगोळी. मावशीने विचारले, “टाकू का रे?” मी पावतीच्या मागे हिशेब मांडला: आठ लाखांवर साडेपाच टक्क्यांचा फरक, म्हणजे वर्षाला चव्वेचाळीस हजार. आणि मी म्हणालो, “एवढे पैसे सोडून द्यायचे म्हणजे बँकेला दान करण्यासारखंच आहे.”

हे चव्वेचाळीस हजार नेमके कशाची किंमत आहेत, असा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. तो सुचायला शटर खाली यावे लागले.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो गावातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. बी.ए.ला मराठी विषय घेऊन पुढे बँकेची परीक्षा दिलेल्या मुलांपैकी तो एक. दिवाळीच्या गर्दीतही त्याने मला आत बसवले, पैसे भरण्याची एक कोरी स्लिप उलटी केली आणि म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला शब्दांची फोड करायला शिकवलंत. आज माझी पाळी.”

“पहिल्यांदा ‘ठेव’ हा शब्द घ्या. तोच फसवा आहे.”

त्याचे म्हणणे मला तत्काळ पटले, आणि इतकी वर्षे ते माझ्या लक्षात कसे आले नाही याची लाजही वाटली. फळीवर डबा ठेवला की तो फळीवरच असतो. शेजारणीकडे किल्ली ठेवली की ती तिच्या खुंटीलाच असते. म्हणून बँकेत ‘ठेवलेले’ पैसेही तेथेच कुठेतरी, तिजोरीच्या एखाद्या कप्प्यात आपल्या नावाने असतील, असे आपण धरून चालतो. ते तेथे नसतात. कायद्याच्या नजरेने ठेवीदार हा बँकेचा धनको आणि बँक ही ऋणको. आपण पैसे ठेवत नाही, उसने देतो. आणि उसने घेणारा ते उसने पैसे पुढे दुसऱ्याला देतो, त्यावरच तर त्याचा संसार चालतो.

आमच्या मोंढ्यातल्या जुन्या अडत्यांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नसती. त्यांच्याकडे हुंडीचे दोन प्रकार असत. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताक्षणी पैसे मोजायचे. मुदती हुंडी म्हणजे ठरलेले दिवस उलटल्यावर. जो अडत्या दर्शनी हुंड्या लिहून देई आणि घेताना मात्र सगळ्या मुदती घेई, त्याच्याकडे मालमत्ता कितीही असो, एखाद्या सकाळी तो अडचणीत येणारच. कापूस पडून आहे, येणी आहेत, घर आहे, पण दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर ठेवायला रुपया नाही! बँक नावाची संस्था नेमके हेच करते. तुमचे बचत खाते ही दर्शनी हुंडी. तुमच्या मुलाला दिलेले वीस वर्षांचे गृहकर्ज ही मुदती हुंडी. पहिलीच्या पैशांतून दुसरी लिहिली जाते. हा काही गैरव्यवहार नाही. बँकेचा धंदाच हा आहे, आणि समाजाला त्याचा उपयोगही आहे. तो चालतो एवढ्याच आधारावर, की सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात येत नाहीत.

“आणि आले तर?” मी विचारले.

“तर जगातली कुठलीही बँक उभी राहत नाही, सर. मग मधल्या काळात तग धरायला तिच्याकडे काय आहे, एवढाच प्रश्न उरतो. त्याचंच नाव रोखता.”

* * *

मग त्याने स्लिपवर शंभर रुपये लिहिले आणि त्यांची वाटणी केली. ती वाटणी मी येथे आजच्या आकड्यांनी देतो, कारण ती समजली की माझ्या चव्वेचाळीस हजारांचा अर्थ समजतो.

ठेवीदाराने शंभर रुपये दिले. त्यांतला काही भाग बँकेने रिझर्व्ह बँकेकडे नेऊन ठेवायचा, हा पहिला नियम. हे प्रमाण चार टक्के होते, ते २०२५ साली चार टप्प्यांत तीन टक्क्यांवर आणले गेले. या पैशांवर २००७ पासून बँकेला एक पैसाही व्याज मिळत नाही. दुसरा नियम असा, की आणखी काही भाग प्रामुख्याने सरकारी रोख्यांत गुंतवायचा. तो २०२० साली अठरा टक्क्यांवर आला. नव्वदीच्या सुरुवातीला हे दोन्ही आकडे याच्या दुपटीहून अधिक होते, म्हणजे आजचा काळ त्या मानाने सैलच म्हणायचा.

आता हिशेब. ठेवीदाराला साडेसहा रुपये व्याज द्यायचे, आणि शाखेचे भाडे, पगार, संगणक यांसाठी दोन रुपये खर्च येतो असे धरू. एकूण साडेआठ रुपये मिळवायला हवेत. शंभरच्या शंभर रुपये कर्जाऊ देता आले असते तर साडेआठ टक्के व्याज आकारून भागले असते. पण तीन रुपये बिनव्याजी पडून आहेत. अठरा रुपये रोख्यांत; त्यांवर सात टक्क्यांनी सव्वा रुपया सुटतो. राहिलेले सव्वासात रुपये उरलेल्या एकोणऐंशी रुपयांच्या कर्जांतून वसूल करायचे, म्हणजे सव्वानऊ टक्क्यांच्या जवळपास दर लावावा लागतो. बुडीत कर्जे आणि नफा यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

“हा जो साडेआठ आणि सव्वानऊ यांतला पाऊण टक्क्याच्या आतला फरक आहे ना सर,” तो म्हणाला, “ती सावधपणाची किंमत. थोडी कर्जदार देतो, थोडी ठेवीदार देतो. ती दिसत नाही म्हणून लोक म्हणतात, बँक व्याज देत नाही.”

“आणि बारा टक्के देणारा?”

“बारा आणि दोन झाले चौदा. काहीही बाजूला न ठेवता, एकही कर्ज न बुडता चौदा. थोडं शिल्लक ठेवायचं म्हटलं तर सोळा, सतरा, अठरा. अठरा टक्क्यांनी कर्ज कोण घेतो, सर? ज्याला आम्ही दारातून परत पाठवलं तो.”

त्या वाक्यावर मी काही बोललो नाही. मावशीची ठेव संस्थेच्या तिजोरीत नव्हतीच. ती ज्यांना बँकेने उभे केले नाही अशांच्या हातात होती, आणि हे समजायला एम.ए.ची गरज नव्हती, एका भागाकाराची होती.

* * *

परतताना मला बँक दिसत नव्हती, पाणी दिसत होते. जालन्याच्या माणसाला दुसरे काय दिसणार? ‘जालना, सोन्याचा पालना’ असे म्हणतात खरे. पण या पालन्यातल्या लोकांनी नळाला आठआठ, दहादहा दिवसांनी पाणी येताना पाहिलेले आहे. निजामकाळचा घाणेवाडीचा तलाव आणि पुढे पैठणहून येणारी जायकवाडीची जलवाहिनी, यांवर शहराची तहान भागते. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक घरात हौद, टाकी, पिंप असतेच. हौदाने जागा अडते, बांधायला पैसे लागतात, आणि त्यातले पाणी नुसते उभे असते. मुंबईचा पाहुणा आला की विचारतो, एवढी जागा का घालवली? मे महिन्यात आला असता तर विचारले नसते. ज्याने हौद बांधला नाही तो मे महिन्यात टँकर मागवतो, आणि तहान जेवढी उघड, तेवढा टँकरचा भाव चढा.

बँकांचेही तसेच आहे. हातात रोकड कमी पडली तर बँक एका रात्रीपुरती दुसऱ्या बँकेकडून उसने घेते, किंवा सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून घेते. म्हणजे रोखे हे नुसते कागद नव्हेत, हौदातले पाणी आहे. वेळेला त्यांच्यावर पैसा उभा करता येतो. गावातल्या गृहकर्जांच्या फायली घेऊन कोणी त्याच रात्री पैसे देत नाही. आणि एखादी बँक तहानलेली आहे अशी कुणकुण लागली, की तिला मिळणारा पैसा महागतो. ठेवीदाराला जास्त दर देऊन बोलवावे लागते, आणि बाजार त्या जास्त दरालाच संकटाची खूण समजतो.

२००८ च्या जागतिक संकटात मोठमोठ्या बँकांचे हौद कोरडे निघाले. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील बाझल येथे बसणाऱ्या समितीने एक मोजमाप ठरवले. बँकेतली मंडळी त्याला एल.सी.आर. म्हणतात. अर्थ साधा आहे: तीस दिवस संकट चालले तर जितके पैसे निघून जातील असा अंदाज आहे, तितकी चटकन रोख करता येईल अशी मालमत्ता आजच हाताशी पाहिजे. आपल्याकडे व्यापारी बँकांना हा नियम १ जानेवारी २०१५ पासून साठ टक्क्यांनी लागू झाला आणि दरवर्षी दहा दहा टक्के वाढत १ जानेवारी २०१९ ला शंभरावर पोचला. सक्तीने रोख्यांत ठेवलेल्या पैशांपैकी बराचसा येथेही मोजता येतो, त्यामुळे ओझे दुप्पट होत नाही.

या नियमातला एक तपशील मला फार आवडला. कोणाचे पैसे किती पळतील, याचा त्यात कोष्टकच दिलेला आहे. विम्याने संरक्षित, जुने संबंध असलेल्या साध्या खातेदाराच्या शंभर रुपयांपैकी तीस दिवसांत पाचच जातील असे धरतात. इतर किरकोळ ठेवींतले दहा. मोठ्या बिगरवित्तीय कंपनीचे चाळीस. आणि वित्तसंस्थांनी ठेवलेले असतील तर शंभरच्या शंभर! म्हणजे माझी मावशी, जिला बँकेत कोणी खुर्ची देत नाही, ती बँकेच्या कोष्टकात सर्वांत भरवशाची. तिच्या पैशांमागे बँकेला सर्वांत लहान हौद बांधावा लागतो. गावोगावच्या छोट्या ठेवीदारांसाठी बँका धडपडतात ती केवळ सेवाभावाने नव्हे. हा पैसा स्वस्त पडतो आणि जागचा हलत नाही. त्या पतसंस्थेने बारा टक्के देऊन विकत घेतला तो मावशीचा हाच न हलण्याचा स्वभाव.

* * *

पण हौद भरून ठेवायचा तो कधी वापरायचा? चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची एक गोष्ट या बाबतीत सांगतात. प्रवासी रात्री उशिरा स्टेशनवर उतरतो. बाहेर एकच टॅक्सी उभी. तो आनंदाने हात करतो, तर टॅक्सीवाला म्हणतो, मला जाता येणार नाही. स्टेशनवर कायम एक टॅक्सी उभी असलीच पाहिजे असा नियम आहे! जी शिल्लक कधीच वापरता येत नाही ती शिल्लक कसली?

याचे उत्तर मला जायकवाडीत सापडते. त्या धरणात सुमारे १०२ टीएमसी पाणी मावते, त्यांपैकी सुमारे २६ टीएमसी हा मृत साठा. एरवी त्याला हात लावायचा नाही. पण २०१२-१३ च्या दुष्काळात, ज्यात जालना जिल्हा सर्वांत होरपळला, त्या मृत साठ्यातूनच पिण्याचे पाणी उपसावे लागले. एरवी हात लावला नव्हता म्हणूनच तेव्हा ते तेथे होते. रिझर्व्ह बँकेनेही करोनाच्या काळात हेच केले. १७ एप्रिल २०२० रोजी तिने शंभर टक्क्यांची अट ऐंशीवर आणली, १ ऑक्टोबरला नव्वद केली आणि १ एप्रिल २०२१ ला पुन्हा शंभर. सुकाळात साठवा, दुष्काळात वापरा, पाऊस आला की पुन्हा भरा. आमच्या आज्यांना हे शेणाने सारवलेल्या कणगीवरून ठाऊक होते.

अर्थात हौद आहे म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. हौदाला तडा गेलेला असू शकतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपयेच काढता येतील असे सुरुवातीला ठरले. नऊ लाखांहून अधिक ठेवीदार आणि अकरा हजार कोटींहून अधिक ठेवी! कर्जांपैकी सुमारे सत्तर टक्के एकाच बांधकाम समूहाकडे गेलेले होते आणि ते लपवले होते. तेथे रोखतेची अडचण ही नुसती ताप होती. रोग कर्जाच्या वह्यांत होता. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनी मिळायची आहे. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचे व्यवहार थांबवले गेले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत सामावली. शटरखालच्या त्या कागदावर ‘तात्पुरती अडचण’ लिहिलेले असले तरी वाचणाऱ्याने ताप आणि रोग यांतला भेद ओळखावा.

आणि आता तर अफवेला पायांनी यावे लागत नाही. अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेने सरकारी रोखेच घेतले होते, पण लांब मुदतीचे. व्याजदर चढले तसे त्यांचे भाव पडले. ते तोट्यात विकल्याची बातमी फुटली आणि ९ मार्च २०२३ या एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेतले. रांग दिसली नाही. सगळे मोबाइलवर झाले. यावरून धडा घेऊन रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले, की ज्या किरकोळ ठेवी इंटरनेटने किंवा मोबाइलने हलवता येतात त्यांच्यासाठी १ एप्रिल २०२६ पासून अडीच टक्के जादा गळती धरावी. पाचाचे साडेसात, दहाचे साडेबारा. अंगठ्याच्या वेगाचीही अशी किंमत लागली. ती शेवटी कुठल्या तरी व्याजदरात उतरणारच.

* * *

या सगळ्यात ठेवीदाराच्या बाजूने एक गोष्ट घडलेली आहे, ती मात्र आवर्जून सांगायला हवी. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या. लक्ष्मीच्या नावाची बँक बुडावी हा दैवदुर्विलास. पण त्या धक्क्यातूनच १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण दीड हजार रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. हप्ता बँक भरते. २०२० साली तो शंभर रुपयांच्या ठेवीला वर्षाला बारा पैसे करण्यात आला. २०२१ च्या दुरुस्तीने अशीही सोय झाली, की बँकेवर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराच्या हाती पडावी.

मावशीचे पैसे या छत्राखाली नव्हते. पतसंस्थेला, मग ती एका जिल्ह्याची असो की अनेक राज्यांची, रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो आणि ठेव विमाही नसतो. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द तोच, पावतीवरची वेलबुट्टी तीच, व्यवस्थापकाचा नमस्कार तोच. सगळ्याच पतसंस्था बुडतात असे नाही. नेटकेपणाने चालणाऱ्या कितीतरी आहेत आणि ज्यांना बँक दारात उभी करत नाही अशांचे संसार त्यांनी उभे केले आहेत. माझे म्हणणे इतकेच, की बारा टक्क्यांपैकी साडेपाच टक्के हे व्याज नव्हते. रिझर्व्ह बँकेत न ठेवलेले पैसे, रोख्यांत न गुंतवलेले पैसे, विम्याचा न भरलेला हप्ता, यांचा त्यात थोडा वाटा होता, आणि मोठा वाटा बँकेने दारातून परत पाठवलेल्या कर्जदारांच्या जोखमीचा होता. थोडा हौद न बांधता वाचवलेला आणि बाकीचा त्या जोखमीचा असा तो पैसा होता, आणि तोच आम्हाला वाटण्यात येत होता. आम्ही मात्र तो लाभ समजलो.

बँकांनाही एक शब्द ऐकवायला हवा. सावधपणाचा खर्च आहे हे मान्य. पण तो खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर नेहमी बचत खात्याच्या तळाशीच का सापडावे? महागाई एकीकडे आणि बचतीचे व्याज दुसरीकडे ठेवले की म्हातारी माणसे बारा टक्क्यांच्या पाटीकडे का बघतात ते कळते. ज्या ठेवीदाराला तुमच्या कोष्टकात सर्वांत भरवशाचा म्हणून जागा आहे, त्याला तुमच्या शाखेत बसायलाही जागा असू द्या. तो कंटाळून उठला की तुमचाही हौद एका तांब्याने रिकामा होतो.

* * *

मावशीचे पैसे अजून आलेले नाहीत. तक्रार झाली, अर्ज झाले, कागद पुढे सरकतात असे सांगतात. दिवाळी आली की ती अंबडहून येते आणि लक्ष्मीपूजनाला माझ्याकडे असते. मागच्या खेपेला पाटावर वह्या, पासबुके मांडत असताना तिने पिशवीतून त्या पावत्या काढल्या.

“ह्या ठेवू का रे पूजेत?”

मी म्हणालो, “ठेव.” आणि तो शब्द तोंडातून निघताच मला काही सुचेना. मग मी तिला रोखता म्हणजे काय ते सांगितले. दोन वर्षे चुकवलेले उत्तर होते ते. हौद सांगितला, मृत साठा सांगितला, शंभर रुपयांची वाटणी सांगितली, आणि शेवटी तो हिशेब मीच घातला होता हेही सांगितले, जणू तिला ते माहीत नव्हते.

मावशीने चष्मा वर केला, पावती उलटी केली आणि माझी आकडेमोड ओळीने बोट फिरवत तपासली, जशी पाटी तपासायची तशी.

“बेरीज बरोबर आहे,” ती म्हणाली. “उदाहरणच चुकीचं उतरवून घेतलं होतंस.”

मग तिने पावत्या पाटावर सगळ्यांत खाली ठेवल्या, त्यांवर पेन्शनचे पासबुक ठेवले, आणि निरांजन लावायला मला काडी मागितली.